छपरातले पाच तारे

एका जंगलात उकडत होतं.

आता बाळांनो, जंगलात उन्हाळ्यात उकडायचंच, त्यात काय मोठं? पण हे साधं उकडणं नव्हतं. कासव तर पाठीवरचं घर घटकाभर उतरवून ठेवता येईल का, अशी चौकशी करत फिरत होतं.

त्या जंगलात पंखे नव्हते. भागीरथीमावशी होती.

भागीरथी ही हत्तीण. तिचे कान चांगले ऐसपैस. ज्याला उकडेल तो "मावशी!" अशी हाक मारायचा. मावशी यायची, दारात उभी राहायची आणि कान हलवायची. घरभर वारा. सगळ्यात जास्त वेळ तिची हजेरी वाघोबा महाराजांच्या गुहेपाशी असायची, कारण महाराजांना राज्याची काळजी झोपेत वाहायची सवय होती.

मावशीची लेक डोंगरापलीकडे नांदत होती. तिचं पहिलंच बाळंतपण. हत्तिणीचे दिवस भरायला पावणेदोन वर्षं लागतात, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? मावशीने रजा पहिल्याच महिन्यात मागून ठेवली होती. आता दिवस भरत आले, तरी रजेवर विचार चालूच होता.

शेवटी एकदा मावशी भर दरबारात रडली. हत्तीण रडली की दरबार भिजतो.

"महाराज, माझी पोर तिकडे एकटी आहे हो. जाऊ द्या मला."

"जा की," महाराज म्हणाले. "पण मग आम्हाला वारा कोण घालणार?"

तेव्हा साळोजीराव प्रधान पुढे आले. हे जातीने साळिंदर. अंगभर लेखण्या घेऊनच जन्माला आलेले. नियम केल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. कुशीवर वळले की एखादी लेखणी टोचायची.

"महाराज, दोष उन्हाचा नाही, घरांचा आहे," ते म्हणाले. "घरबांधणीचे नियमच बदलू. घरं अशी हवीत की वारा लागताच कामा नये. मग मावशीला खुशाल रजा द्या."

मावशीने डोळे पुसले. प्रधानांच्या पाठीवरून तिला मायेने सोंड फिरवावीशी वाटली, पण ती शहाणी होती.

नियम सांगायला करकोचे पंडितांना बोलावलं. हे बर्फाच्या देशातले. दर हिवाळ्यात यायचे आणि ऊन तापायच्या आत परत जायचे. यंदा मात्र सल्लागार म्हणून गुहेतच राहिले होते, कारण तिथे वारा फुकट होता. पंडित नेहमी एका पायावर उभे राहून सल्ला देत. अंगाशी आला तर दुसरा पाय मोकळा असावा, एवढंच.

"आमच्याकडे घराला फट म्हणून नसते," पंडित म्हणाले. "भिंती जाड. आतली ऊब बाहेर जात नाही. आणि उत्तम घराला पाच तारे असतात."

"ऊब?" मावशी चमकली. "अहो पंडित, पण इथे तर..."

"मावशी, मध्ये तोंड घालू नका," प्रधान म्हणाले. "कान हलवत राहा."

दवंडी पिटली गेली. कलम पहिलं, घराच्या सगळ्या फटी बुजवा. कलम दुसरं, प्रत्येक घराला पाच तारे हवेत. अमावास्येला तपासणी. नापास झालेलं घर पाडलं जाईल!

प्रजा मोठी गुणी. सगळ्यांनी चिखल कालवला आणि फटी लिंपून टाकल्या. दोनच दिवसांत प्रत्येक घराची भट्टी झाली. ससूबाई नावाच्या सशीणबाईंच्या घरात कंदमुळं न शिजवता शिजली. त्या सुरुवातीला खूश झाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की कंदमुळांच्या शेजारी आपणही बसलो आहोत.

"मावशी! मावशी!" चहूकडून हाका सुरू झाल्या. मावशी धावली. पण फटी बुजलेल्या. वारा आत शिरणार कुठून? बिचारी भिंतींनाच वारा घालत राहिली. भिंती मजेत होत्या.

अमावास्या जवळ आली. दुसरं कलम तसंच राहिलं होतं. तारे आणायचे कुठून?

तोड काढली ती ससूबाईंनी. त्यांचं नाव घेताना प्रत्येकाच्या तोंडून चुकून 'सासूबाई' निघायचं, त्यामुळे त्यांचा शब्द सहसा कुणी मोडत नसे.

"एवढं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "तारे असतात आकाशात. घराला तारे हवेत म्हणजे ते घरातून दिसायला हवेत. पाडा छपराला भोकं!"

"पण फटी बुजवायच्यात ना?" रानडुकराने भीत भीत विचारलं.

"फट वेगळी, भोक वेगळं. फट आपली आपण पडते. भोक पाडावं लागतं."

सगळे छपरांवर चढले. सुतारपक्ष्याला तर जेवायला फुरसत मिळेना.

तपासनीस म्हणून घुबडरावांना नेमलं होतं. अंधार पडला आणि ते घराघरांत शिरले. जमिनीवर उताणे पडायचे, छपराकडे बघायचे आणि मोजायचे. "एक, दोन, तीन, चार, पाच. पास!" काही घरांत त्यांना चहासुद्धा आडवा पडूनच प्यावा लागला.

माकडाच्या घरात मात्र गाडी अडली. आळशी माकडाने चारच भोकं पाडली होती आणि पाचव्या जागी छपराला एक काजवा बसवला होता.

"चार... पाच..." घुबडराव म्हणाले, आणि काजवा विझला. "अरे, पाचवा कुठे गेला?"

"ढग आला, साहेब," माकड म्हणालं.

काजवा पुन्हा पेटला, पण दोन बोटं सरकून.

"हा तारा चालतोय!"

"साहेब, पृथ्वी फिरते ना!"

घुबडराव शिकलेले होते. पृथ्वी फिरते हे त्यांना नाकारता येईना. माकड पास.

आणि बाळांनो, काय गंमत झाली सांगू! गरम हवेला मुळात वर जायची खोड. इतके दिवस छपराला थडकून ती बिचारी घरातच घोटाळत होती. भोकं दिसताच भुर्रकन निघून गेली. तिची जागा घ्यायला दारातून गार झुळूक आत आली. घरं गार झाली! महाराजांच्या गुहेला वरून एक जुनं भगदाड होतं, तेही तारे बघायला उघडलं, तर गुहाही गार झाली. वाघोबांनी उन्हाळ्यात पहिल्यांदाच पांघरूण मागितलं.

सगळं जंगल आनंदाने नाचलं. रानडुक्कर तर नाचता नाचता स्वतःच्याच छपरातून खाली आलं. त्याला आता तारे मोजायची गरजच उरली नाही, सगळेच दिसत होते.

मावशीला कुणी हाक मारेना. तिचे कान कितीतरी वर्षांनी स्थिर झाले. तेव्हा कुठे तिला आठवलं की कानांना ऐकूही येतं.

रजा मंजूर झाली. मावशीने कलिंगडाएवढे डिंकाचे लाडू वळले, गाठोडं सोंडेला अडकवलं आणि ती डोंगराची वाट चढू लागली. मागे वळून बघायला ती थांबलीसुद्धा नाही.

आता गोष्ट इथेच संपली असती. पण गुहेत पांघरूण एकच होतं आणि ते महाराजांकडे होतं. म्हणून करकोचे पंडित थोडं ऊन खायला बाहेर आले. त्यांनी छपरं पाहिली आणि त्यांचा दुसरा पायही जमिनीवर टेकला.

"अरे अडाण्यांनो! हे काय करून ठेवलंत? तारे म्हणजे आकाशातले नव्हेत! तारे म्हणजे दारावर चिकटवायची चिठ्ठी!"

"त्याने घर गार होतं?" ससूबाईंनी विचारलं.

"घर गार आहे असं त्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं."

प्रधान शरमेने इतके आक्रसले की त्यांच्या सगळ्या लेखण्या उभ्या राहिल्या. अशा वेळी नियम न करणं त्यांना शक्यच नव्हतं. दुरुस्ती निघाली. भोकं बुजवा, दारावर तारे लावा. प्रजा मोठी गुणी. पळसाच्या पानांचे तारे कापून डिंकाने दारोदार चिकटवले. माकडाने सात लावले, आळीत उठून दिसावं म्हणून.

दुपारपर्यंत सगळं जंगल वाफाळलं. घामाने महाराजांच्या मिशा खाली वळल्या.

"मावशीला बोलवा! रजा रद्द!" ते गरजले.

घुबडराव भर उन्हात डोळे मिटून उडाले. खिंडीत त्यांनी मावशीला गाठलं.

"मावशी, फिरा मागे! महाराजांचा हुकूम आहे!"

मावशी थांबली. खिंडीपलीकडून, अगदी बारीक, लेकीचा आवाज येत होता. तो तिने स्वतःच्या कानांनी ऐकला.

"काय म्हणालात, घुबडराव? वाऱ्यामुळे नीट ऐकू येत नाही."

"वारा? पान हलत नाहीये, मावशी! वारा कुठे आहे?"

"हा बघा आला," मावशी म्हणाली, आणि तिने दोन्ही कान एकदाच, मन लावून हलवले.

हुकूम या कानाने आला, त्या कानाने गेला. सोबत घुबडरावही गेले. कोलांट्या खात ते थेट महाराजांच्या गुहेवर उतरले. भगदाड बुजवलेलं नसतं तर आतच पडले असते.

मावशी पलीकडे पोचली तेव्हा नात नुकतीच झाली होती. ओलीचिंब, चारही पाय चार दिशांना, कान पापडासारखे दुमडलेले. उन्हाने ती कासावीस झाली होती. मावशी तिच्या डोक्याशी उभी राहिली आणि हळूहळू कान हलवू लागली. तिला कुणी हाक मारली नव्हती.

इकडे जंगलात पुन्हा तपासणी झाली. घुबडरावांनी सगळी दारं पाहिली आणि दरबारात सांगितलं, "महाराज, घरं पूर्णपणे गार आहेत. उकडतंय ते आत राहणाऱ्यांना."

प्रधानांनी लगेच पाठीवरची लेखणी उपसली. राहणाऱ्यांसाठी नवे नियम करायला ते बसले, ते अजून उठलेले नाहीत.

तात्पर्य : नियम कधीही नीट समजून घेऊ नये. न समजता पाळला, तर चार दिवस तरी गारवा मिळतो. आणि अकलेचे तारे तोडायचेच असतील तर ते छपरातून तोडावेत. दारावर चिकटवले की उकडतं.