पाण्याच्या तारखेची हकीकत

श्री. काळ सर्वांस समान, त्यास प्रथम नमन. राजमान्य वाचकांचे सेवेसी नाव न सांगणाऱ्या सेवकाची विनंती ऐसी जे, शके एकोणीसशे त्रेचाळीस, प्लव नाम संवत्सरी, एका दौलतीत तारखा कोणत्या रीतीने साठवाव्या याचा निवाडा जाहला आणि त्या निवाड्याने अकरा माणसे तहानेने मेली, ते वर्तमान घडले तसे लिहितो. दौलतीचे नाव लिहीत नाही. लिहिले तर चाकरी जाईल.

महाराजांनी दौलतीचे सर्व दप्तर संगणक नामे यंत्रात घालण्याचा हुकूम केला. महिने टोपीकर इंग्रजांचेच चालत, त्यास कोणाची हरकत नव्हती. परंतु राजधानीत दिवस आधी लिहीत आणि मग महिना, आणि पश्चिम सुभ्यात महिना आधी आणि मग दिवस, आणि दोघेही आपलीच रीत शहाणी म्हणत. मग चिटणीस रुद्राजी अनंत दरबारात उभे राहिले आणि म्हणाले, "महाराज, वर्ष आधी लिहावे, चारी आकडे. मग महिना, मग दिवस. थोरला पुढे, धाकटा मागे. यंत्र कागद आपोआप ओळीने लावील आणि वाचणारा कोणीही असो, अर्थ एकच निघेल." त्यावर कारभारी मोरेश्वरपंत हसले आणि बोलिले, "चिटणीस, वर्ष कोणते चालले आहे हे आम्हांस ठाऊक आहे. ते रोज आधी काय म्हणून लिहावे?" आणि सुभेदार दर्याजीराव मिशीवर हात फिरवून म्हणाले, "आमच्या आज्यापणज्यांनी महिना आधी लिहिला. राजधानीचे ऐकून आम्ही तो मागे टाकला, तर सुभ्यात तोंड दाखवायची सोय उरणार नाही." मग महाराजांनी तोड काढिली की दोघांचाही मान राहावा, ज्याने त्याने आपल्या रीतीने लिहावे, यंत्र शहाणे आहे, ते समजून घेईल. दरबाराने वाहवा केली. पुढे यंत्राची परीक्षा जाहली, तिच्यासाठी महाराजांच्या वाढदिवसाची तारीख घेतली, तेवीस ऑगस्ट. तेविसावा महिना जगात नाही, म्हणून यंत्राने तेवीस हा दिवस धरिला आणि दोन्ही रीतींनी उत्तर बरोबर आले. रुद्राजी म्हणाले, "महाराज, बाराच्या आतली एक तारीख घालून पाहावी." कोणी पाहिली नाही. त्या दिवशी पेढे वाटले होते आणि सर्वांस घरी जायचे होते.

रुद्राजींस एकच लेक, सगुणाबाई, आणि तिचे यजमान विसाजीपंत सरहद्दीच्या एका गडावर सबनीस होते. गडावर माणसे अकरा. टाकी दरसाल चैत्रात आटे, मग सुभ्यातून पखालींचे बैल पाणी घेऊन जात. शके एकोणीसशे चव्वेचाळीस लागले त्या आठवड्यात विसाजीपंतांनी राजधानीच्या रीतीने यंत्रात वर्दी घातली की पाणी ०५-०४ रोजी निघावे, पुढे निभणार नाही. यंत्राने उत्तर दिले, "मंजूर, ०५-०४." रुद्राजींनी राजधानीत ते उत्तर आपल्या डोळ्यांनी पाहिले, पाच एप्रिल असे वाचिले, आणि घरी येऊन लेकीस म्हणाले, "सगुणे, काळजी सोड. पाच तारखेस पाणी निघते." आणि तीही त्या दिवशी पोटभर जेवली. सुभ्याच्या कचेरीने तेच आकडे आपल्या रीतीने वाचिले, मे महिन्याची चार तारीख, आणि पखाली खुंटीस टांगून ठेविल्या. गडकऱ्यांस हुकुमावाचून चौकी सोडण्याची मोकळीक नव्हती. आणि पाणी मंजूर झाले होते, तेव्हा ते वाटेत असेल अशा भरवशावर ती माणसे बसून राहिली. मला संताप येतो तो येथे. नाकारले असते तर पळून तरी गेली असती.

चार मे रोजी बैल निघाले ते सहाव्या तारखेस गडावर पोहोचले, आणि पाणी घेणारा कोणी नव्हता. पथकाच्या कारकुनाने यंत्रात अकरा मयत लिहिले आणि मृत्यूच्या रकान्यात वर्दीवरची तारीख उतरवली, ०५-०४, कारण रकाना रिकामा ठेविला तर यंत्र पुढे सरकत नसे.

मग चौकशी बसली. मोरेश्वरपंतांनी ती तारीख पाहून निवाडा सांगितला, "हे पाच एप्रिलासच वारले. त्या दिवशी पाणी निघते तरी पोहोचण्यास दोन दिवस लागतेच. सबब दरबाराकडे दोष नाही." आणि ज्या दर्याजीरावांनी जन्मात दिवस आधी वाचिला नव्हता, ते गळ्याशी आल्यावर मोठ्याने म्हणाले, "अर्थात! दिवसच आधी!" रुद्राजी उठले. म्हणाले, "मयताचा आकडा पाच एप्रिल, तर वर्दीचाही पाच एप्रिल. मग सुभेदारसाहेब, आपले बैल मे महिन्यात का निघाले?" महाराज म्हणाले, "चिटणीसांच्या घरचे दुःख आहे, त्यांस विश्रांती द्यावी," आणि जेवावयास उठले. पुढे हुकूम निघाला की चिटणिसांचा सल्ला मान्य, वर्ष आधी लिहावे. परंतु चारी आकड्यांस जागा फार लागते म्हणून शेवटचे दोनच लिहावे. म्हणजे पूर्वी दोन आकड्यांत घोटाळा होता, तो आता तिहींत जाहला. रुद्राजींनी तो हुकूम वाचून खाली ठेविला आणि पुन्हा दरबारात गेले नाहीत.

वर्ष भरत आले तेव्हा गुरुजी घरी आले आणि विचारू लागले, "वर्षश्राद्ध चैत्र शुद्ध चतुर्थीस धरावयाचे की वैशाख शुद्ध चतुर्थीस?" सगुणाबाई बापाकडे पाहून म्हणाली, "बाबा, तुम्ही तर सगळ्या दौलतीच्या तारखा लावीत होता. माझ्या माणसाची एक सांगा." रुद्राजी म्हणाले, "दोन्ही नाहीत, बाळ. कारकुनाने नुसता रकाना भरला. मला ठाऊक नाही." मग गुरुजी हळूच बोलिले की ज्यांची तिथी माहीत नाही, त्यांचे सर्वपित्री अमावास्येस करितात.

सारांश, निवाडा करणारे सर्व सुखरूप आहेत, आणि यंत्रही उत्तम चालते. विसाजीपंतांस पाणी आता दरसाल भाद्रपद अमावास्येस पोहोचते.