मानाचं विमान

नकाशा हातातून सुटला तेव्हा फ्लाइंग ऑफिसर मोतीराम सरनाईक आपल्या विद्यार्थ्याला नकाशा कसा धरावा हे शिकवत होते.

टायगर मॉथ हे उघडं विमान. पुढच्या जागेवर शिक्षक, मागच्या जागेवर विद्यार्थी आणि दोघांना बोलायला मध्ये एक रबरी नळी. "शालिग्राम, नकाशा गुडघ्यावर पट्ट्यानं बांधायचा. असा वर धरायचा नाही," असं सांगून 'असा' म्हणजे कसा ते दाखवायला सरनाईकांनी तो वर धरला. पुढचं काम वाऱ्यानं केलं. मागे बसलेल्या शालिग्रामला आपल्या डोक्यावरून अख्खा मध्यप्रांत वऱ्हाडासकट उडत जाताना दिसला.

"सर, नकाशा गेला."

"मला माहीत आहे. तू काय शिकलास?"

"असा वर धरायचा नाही, सर."

लढाईचे दिवस होते. निजामाच्या मुलखातल्या त्या विमानशाळेत पोरं येत, सरनाईकांची बोलणी खात आणि काही महिन्यांत लढाऊ विमानं घेऊन ब्रह्मदेशाकडे निघून जात. सरनाईक तिथेच. ज्यांना त्यांनी डावं-उजवं शिकवलं, ते आता तिकडून "फार मजा येते, सर" असं कळवत. लढाऊ तुकडीत बदली मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केले, विनंत्या केल्या, एकदा उपोषणही केलं. ते मेसमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही. आता कुठे योग आला होता. तुकडीला एक वैमानिक हवा होता आणि उद्या सकाळी विंग कमांडर साहेब येऊन नाव ठरवणार होते. सरनाईकांच्या बाजूनं दोनच गोष्टी होत्या. त्यांच्या हातून विमानाला कधी ओरखडा आला नव्हता आणि ते कधी वाट चुकले नव्हते.

वाट चुकलेल्या वैमानिकानं रेल्वे शोधावी आणि तिच्या काठाकाठानं जावं, असं पुस्तकात होतं. सरनाईकांनी बराच वेळ रेल्वे शोधली. पुस्तक लिहिणाऱ्यानं घाटावरचा बुलढाणा जिल्हा पाहिलेला नसावा. रेल्वे येणार, येणार, असं तिथे तेव्हाही सगळे सांगत होते. पण वरून तरी ती दिसली नाही. खाली पावसानं माजलेली ज्वारी आणि कपाशी, आणि त्या हिरव्या गर्दीत एका गावाशेजारी एकच जागा मोकळी, मुरमाड, जणू कुणी झाडून ठेवलेली.

"उतरू, रस्ता विचारू, निघू," सरनाईक नळीतून म्हणाले. "कुणाला कळणारही नाही."

विमान अलगद टेकलं आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, लांब लांब रोवलेल्या दोन खांबांच्या अलीकडे येऊन थांबलं. खांबांमध्ये आंब्याच्या पानांची जाड दोरी बांधली होती.

"ही कमान कोणासाठी?"

"तोरण आहे, सर. आज पोळा. आपण आखरावर उतरलोय, गावची गुरं जमतात तिथे. म्हणून झाडलेलं." शालिग्राम मूळचा याच जिल्ह्यातल्या बीबी गावचा. त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "हे तर खैरखेड! चिखली इथून जवळच."

"म्हणजे तुला हा भाग माहीत होता?"

"सगळा, सर. पण खालून."

एवढ्यात तोरण बांधणारी माणसं जवळ आली. सर्वांत पुढे गावातले निवृत्तीबुवा होते. त्यांनी विमानाकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे, आणि रामराम घातला. चिखली कोणत्या दिशेला, असं सरनाईकांनी विचारताच त्यांनी हातातला विळा उगारून सांगायला सुरुवात केली.

"हे काय, इथंच. हा नाला उतरा. पानी गुडघ्याइतकं हाये, पन मंधात दगड हायेत, पाहून पाय टाका. मंग रंगरावच्या वावराच्या धुऱ्यानं जा. कुत्रं हाये, पन चावत नाई."

"आम्ही वरून जाणार आहोत, बुवा."

"वरून काऊन? वरून लय फेरा पडते."

शालिग्रामनं मध्ये पडून दिशा काढून घेतली. चिखली कळली की पुढे होकायंत्र पुरेसं होतं. सरनाईक जागेवर बसले. आता विमान उलटं वळवायचं आणि आलो तसं मैदानावरून धावत उडायचं. त्यांनी मागे वळून पाहिलं, तर मैदान शिल्लक नव्हतं. ढोल वाजत होता आणि गावातले सगळे बैल, शिंगांना बेगड, अंगावर झुली, कपाळाला बाशिंगं अशा थाटात येऊन रांगेनं उभे राहत होते.

"यांना जरा मागे घ्या," सरनाईक म्हणाले.

गर्दीत चिखलीच्या ठाण्याचा तुळशीराम हवालदार होता. तो काकुळतीनं म्हणाला, "साहेब, पोळा फुटल्याबिगर बैल मांगं फिरवत नाईत. आन् पोळा फुटन का नाई, ते मलेच समजून नाई राह्यलं."

तोरणाखालून पहिली जोडी गेली की पोळा फुटतो. ती जोडी कोणाची असावी, याचा खैरखेडात वाद होता. भगवानराव पाटील थोरल्या घरचे, किसनराव धाकट्या घरचे, दोघं सख्खे चुलतभाऊ. मान तुझाच, असं एकाच आजीनं दोघांनाही सांगितलेलं. मागच्या पोळ्याला लाठ्या निघाल्या, बैल दिवेलागणीपर्यंत उभे राहिले आणि शेवटी कंटाळून आपापल्या घरी गेले. म्हणून यंदा हवालदार.

भगवानराव जोडी घेऊन रांगेच्या पुढे आले आणि थबकले. त्यांच्या आणि तोरणाच्या मध्ये टायगर मॉथ उभं होतं.

"माह्या जोडीच्या पुढं हे कोन उभं केलं बे?"

किसनराव दुसऱ्या बाजूनं आले. त्यांना फार आनंद झाला. "कोनी का असंना, दादा. तुमची जोडी पह्यली नाई, एवढं दिसून राह्यलं."

"तुही तरी कुठी हाये पह्यली?"

"माही नसू दे. तुमची नाई न!"

"बाजूले घ्या हे," भगवानराव सरनाईकांवर गरजले.

"खबरदार!" किसनराव सरनाईकांवरच गरजले. "साहेब, तुमी हालू नोका. तुमी हालले का याची जोडी पुढं आली समजा."

सरनाईकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मग आभाळाकडे. अंधारात उतरता येईल असा एकही दिवा त्यांच्या शाळेत नव्हता. आज परतलो नाही तर उद्या साहेबांसमोर नाव येणार ते बेपत्ता म्हणून.

भगवानरावांच्या आई रुखमाबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. पुढे जो उभा असेल त्याची पूजा आधी करायची, एवढं त्यांना ठाऊक होतं; भांडण पुरुषांचं होतं. त्यांनी दोन्ही चाकांवर पाणी घातलं, नाकावरच्या पंख्याला कुंकू लावलं, गेरूत हात बुडवून पंखांच्या कापडावर पंजे उमटवले आणि मग बैलाचा खांदा चाचपावा तसा खालच्या पंखाचा कोपरा चाचपला.

"खांदमळनी केली का कोनी याची काल?"

"नाही, मावशी," शालिग्राम ओशाळून म्हणाला.

"मंग! सालभर राबवता आन् एक दिवस तूप लावाले होत नाई?" त्यांनी हळद-तूप पंखांच्या चारही मुळांशी चोळलं. "आन् आज याले चालवून राह्यले तुमी? पोळ्याच्या दिवशी? पाप लागते, बाप्पा."

"आज काम नाही, मावशी. घरीच जातोय."

"घरी जाऊन राह्यला त ठीक हाये. तोंड कुठी हाये याचं?"

प्रश्न सरळ होता आणि शालिग्रामनं सवयीनं पंख्याकडे बोट दाखवलं. रुखमाबाईंनी पंख्याच्या वर, इंजिनाच्या झाकणावर, तुपात भिजलेली पुरणपोळी ठेवून नमस्कार केला. सरनाईकांनी हे पाहिलं नाही. ते हवालदाराशी बोलत होते.

"पुढून जागा मिळेल का? तोरणापलीकडे?"

"पलीकडं गाडीवाट हाये, सरळ, पार नदीपत्तूर," तुळशीराम म्हणाला. बोलता बोलता त्याचे डोळे मोठे झाले. त्यानं दोन्ही पाटलांना हाताला धरून बाजूला नेलं. "पाटील, यंदाचा पोळा इमानानं फोडला त? मान ना यांचा, ना त्यांचा. सरकारचा."

दोघांनी मनातल्या मनात हिशेब केला. किसनरावांचा मान जात नव्हता, कारण तो भगवानरावांना मिळत नव्हता. भगवानरावांचंही तसंच.

"चालते," भगवानराव म्हणाले.

"तुमाले चालते त मलेबी चालते," किसनराव म्हणाले, आणि आपण दादाच्या मागून बोललो हे लक्षात येऊन पुन्हा म्हणाले, "मले आधीच चालत होतं."

सरनाईकांची एकच अट होती. दोरी खांबांना बांधलेली नको. पंख्यात गुंतली तर विमान तिथेच संपलं. दोन्ही टोकं दोन माणसांनी हातात धरावी, जमिनीपाशी न्यावी आणि विमान सुरू झालं की सोडून द्यावी. टोकं कोण धरणार, हे विचारायची गरज पडली नाही. एक टोक भगवानरावांनी धरलं, दुसरं किसनरावांनी.

शालिग्रामनं पंखा हातानं फिरवला. इंजिन खोकललं, मग धडाडलं. पुरणपोळी झाकणावरून उठली आणि सरनाईकांच्या चष्म्यावर येऊन बसली. त्यांना अर्धं जग दिसेनासं झालं. पंख्याच्या वाऱ्यानं मागच्या रांगेतली पागोटी उडाली, झुली उडाल्या आणि बैलांनी पोळा फुटल्याचं स्वतःपुरतं ठरवून टाकलं. ते चहूकडून गावात घुसले. कोणाची जोडी आधी घुसली, हे पाहायला कोणी जागेवर नव्हतं.

शालिग्राम उडी मारून मागे बसला. विमान सुटलं.

"सोडा!" सरनाईक ओरडले.

"तू सोड!" भगवानराव ओरडले.

"आधी तुमी सोडा, दादा!"

"मी काऊन आधी सोडू?"

चाकं दोरीला भिडली. दोन्ही पाटील आधी चालू लागले, मग धावू लागले, आणि मग विमानाच्या दोन बाजूंना, पाय जुळवून, घसरत येऊ लागले. इतक्या वर्षांत ते दोघं प्रथमच एका दिशेनं जात होते. शेवटी गाडीवाटेच्या चिखलात दोघांचे हात एकदमच सुटले. एकदमच, हे हवालदारानं नंतर देवळात शपथेवर सांगितलं.

विमान उठलं. चाकाखाली आंब्याच्या पानांची दोरी लोंबत होती.

उद्या सकाळी येणारे साहेब त्याच संध्याकाळी शाळेत येऊन थांबले होते. सरनाईक उतरले तेव्हा साहेब मैदानावरच उभे होते. त्यांनी विमानाभोवती फेरी मारली. पंखांवरचे पंजे पाहिले, तूप बोटाला लावून पाहिलं, तोरण पायानं सरकवलं. मग सरनाईकांच्या चष्म्याच्या काचेवरचा ऐवज बोटावर घेऊन हुंगला, चाखला आणि थोडा आणखी घेतला.

सरनाईकांनी सगळं खरं सांगितलं. खोटं सांगण्यासारखं विमानावर काही उरलं नव्हतं.

"ओरखडा?" साहेबांनी विचारलं.

"नाही, सर."

"बैलांच्या मैदानावर उतरलात. दोन माणसं दोरीला लटकलेली असताना, एका डोळ्यानं, विमान उचललंत." साहेबांनी बोट पुसलं. "असा माणूस इथे पोरांना शिकवत बसणं हा तोटा आहे, सरनाईक. लढाऊ तुकडीसाठी तुमचं नाव मी कळवतो."

त्या रात्री सरनाईकांनी मेसमध्ये सगळ्यांना सरबत पाजलं.

पंधरवड्यानं, सरनाईकांची पेटी भरून झाली असताना, शाळेच्या फाटकाशी एक मोटार थांबली. तीतून तुळशीराम हवालदार उतरला, आणि त्याच्या पाठोपाठ, एकाच मोटारीतून, भगवानराव आणि किसनराव. साहेब त्या दिवशी शाळेतच होते. त्यांची बरीच नोकरी कामठीच्या छावणीत गेलेली, त्यामुळे पाटलांचं बोलणं समजायला त्यांना दुभाषी लागला नाही.

"साहेब," भगवानराव म्हणाले, "यंदा आमच्या गावात डोकं फुटलं नाई. पुढच्या साली बी हेच इमान द्या. आन् हाच साहेब द्या."

"दुसरा साहेब नाई चालत," किसनराव म्हणाले. "याचा हात सरळ हाये. ना दादाकून झुकला, ना माह्याकून."

"आन् गावातून सा जवान पलटनीत भरती झाले," हवालदारानं हळूच जोडलं. "तीन याह्यच्या घरचे, तीन त्याह्यच्या."

साहेबांनी सरनाईकांकडे पाहिलं. सरनाईक समोरच्या भिंतीकडे पाहत होते. जिल्ह्यात शांतता आणि वर भरती, असा सौदा साहेबांना नोकरीत दुसऱ्यांदा मिळणार नव्हता. संध्याकाळपर्यंत लढाऊ तुकडीसाठी शालिग्रामचं नाव गेलं. सरनाईकांच्या नावापुढे तीच शाळा, तेच टायगर मॉथ, आणि श्रावणी अमावास्येला खैरखेड.

सरनाईक पाहुण्यांना निरोप द्यायला बाहेर आले. विमान इंजिन सुरू करून मैदानावर उभं ठेवलं होतं. त्यांनी एकदा विमानाकडे पाहिलं, एकदा दोन्ही पाटलांकडे, आणि अतिशय गोड आवाजात म्हणाले,

"एवढ्या लांब आलात, तर वरून एक चक्कर मारूनच जा. पण जागा एकालाच आहे. पहिला मान कोणाचा?"

पंखा फिरत होता. भगवानरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग वर आभाळात पाहिलं, आणि एक पाऊल मागे घेतलं.

"किसन," ते म्हणाले, "जाय तू. मान धाकट्या घरचा."

"नाई, नाई, दादा!" किसनराव दोन पावलं मागे सरले. "आजी सांगे न, मान थोरल्याचाच!"