कुबूसमध्ये हिशोब करणारे सावंतकाका

तुमच्या खिशातली नोट उद्या सकाळी नुसता कागद झाली, तर संध्याकाळी जेवाल काय?

दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधले आमचे शेजारी सावंतकाका हा प्रश्न लिफ्टमध्येही विचारतात. इथे आपण सगळे दिरहमचे रुपये करतो. काका कुबूस करतात. कुबूस म्हणजे इथली चपटी रोटी. मी नवे बूट दाखवले तर म्हणाले, "दोनशे दिरहम? अगं, शंभर पाकिटं कुबूस पायात घालून हिंडतेस!" पगार झाला की आधी पीठ येतं. हॉलमध्ये सोफ्याऐवजी तांदळाच्या गोण्या. पाहुणे बासमतीवर बसतात, घरचे, म्हणजे एकटे काका, जाड्या तांदळावर.

त्यांच्या पाकिटात जॉर्जियाची जुनी कूपनं आहेत. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा काका तिथे शिकत होते. स्वतःचं पक्कं चलन येईपर्यंत नव्या देशाने रुबलऐवजी ही कूपनं काढली. समोरच्या आर्यनने विचारलं, "अंकल, इज धिस रिअल मनी?"

"होते, बेटा."

मी एकदा तावातावाने सुनावलं होतं, "काका, नोट म्हणजे लोकांचा विश्वास! भीती पसरवतात ते साठेबाज!"

एरवी टोमणा मारणारे काका पाकीट खिशात घालून निघून गेले.

परवा खालच्या ग्रोसरीतलं कार्ड मशीन बंद पडलं. बँकेचं ॲपही उघडेना. रोख कुणाकडेच नव्हती. रांगेत आधी हशा, मग जो तो खिसे चाचपू लागला. ग्रोसरीवाल्याने माझ्या हातातली दुधाची बाटली हळूच परत घेतली. घरी येऊन मी उगाचच दाराला आतून कडी घातली.

बेल वाजली. काका. ताटलीत गरम कुबूस.

"काका, मशीन सुरू झालं म्हणे."

"ठाऊक आहे. तरी घे."

मग दारातच, माझ्याकडे न बघता म्हणाले, "जॉर्जियात, तिबिलिसीला माझी घरमालकीण होती, निनोआजी. साठवलेले रुबल देऊन कूपनं घे, असं मीच तिला पटवलं. तू नोटेबद्दल बोललीस ना, तेच बोललो होतो. हिवाळ्यात त्या कूपनांत धड पावही येईना. ती मिळेल तो पाव मोडायची, मोठा तुकडा मला द्यायची. म्हणायची, मला भूक नाही."

पाकिटातली कूपनं तिची आहेत.

काका आता कुबूस घेऊन मजल्यावरच्या प्रत्येक दारावर जातात. तुमची बेल वाजली तर पैसे पुढे करू नका. आणि भूक नाही, असं मात्र म्हणू नका. त्यांच्यासमोर एक घास खा.