महालक्ष्मीखालचा कायदा

पन्नाशी उलटल्यावर बँकेची नोकरी सोडून भय्यासाहेब किरकिरे वकील झाले, तेव्हा जबलपूरच्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या शेजाऱ्यांनी पेढे खाल्ले आणि त्यांच्या बायकोला, मीरावहिनींना, हळूच विचारलं, की तब्येत बरी आहे ना यांची? घरच्यांनी सगळं सोसलं. सोसलं नाही ते गावातल्याच घमापूरच्या बेबीताईंनी, म्हणजे भय्यासाहेबांच्या थोरल्या बहिणीनं. वकील म्हणजे पोटासाठी खोटं बोलणारा माणूस, हे त्यांचं ठाम मत. (बँकेत भय्यासाहेब रोज 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हणून सांगायचे, ते ताईंना ठाऊक नव्हतं.) खोटारड्याच्या घरी महालक्ष्म्या बसायच्या नाहीत, पुढच्या वर्षीपासून त्या नागपूरच्या चुलतभावाकडे, अण्णाकडे जातील, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. घराण्यात ताईंचा शब्द शेवटचा. आजोबांपासून या घरात येणाऱ्या महालक्ष्म्या आपल्यापायी जाणार, हे भय्यासाहेबांच्या मनातून जाईना.

यंदा मुखवटे चढवल्यावर धाकटी महालक्ष्मी थोरलीपेक्षा जरा बुटकी दिसू लागली. भय्यासाहेबांनी उत्साहाच्या भरात आपलं कायद्याचं जाडजूड पुस्तक तिच्या कोठीखाली, म्हणजे धडाच्या पत्र्याच्या डब्याखाली, सरकवलं. जाता जाता कायद्यालाही आशीर्वाद मिळेल, हा आतला हिशेब.

दुसऱ्या दिवशी, ऐन पूजेच्या सकाळी, त्यांना पुस्तकाची आठवण झाली. उद्या कोर्टात पहिली स्वतंत्र तारीख, आणि खुणा केलेली सगळी कलमं त्याच पुस्तकात. महालक्ष्मी एकदा बसली की विसर्जनापर्यंत तिला जागची हलवत नाहीत, आणि विसर्जन उद्या संध्याकाळी. मग त्यांनी वकिली तोडगा काढला: देवी हलवायची नाही, फक्त खालची वस्तू बदलायची. तेवढ्याच उंचीचं घरात काय आहे म्हणून शोधताना हाताला लागला पोळपाट.

तिकडे मीरावहिनींचं पुरण तयार, कणीक तयार आणि पोळपाट गायब. "मम्मी, अभी तो यहीं था," म्हणत त्यांची लेक चिन्मयी घर पालथं घालत होती. इकडे भय्यासाहेब स्वतःच पालथे पडले होते. डोकं धाकटीच्या निऱ्यांत, एका हातानं पुस्तक ओढणं, दुसऱ्यानं पोळपाट ढकलणं चालू. पुस्तक एकदाचं सुटलं, आणि त्याच क्षणी बेबीताई दारात उभ्या राहिल्या.

ताईंना दिसला तो देवीपुढे साष्टांग दंडवत घातलेला भाऊ. त्यांचे डोळे भरून आले. एवढी भक्ती आपण बाबांमध्येही पाहिली नाही, पोरगा वकील झाला तरी बिघडला नाही, असं त्या लाटणं हातात घेऊन आलेल्या मीरावहिनींना सांगू लागल्या. आता महालक्ष्म्या कुठं न्यायच्या नाहीत, इथवर गोष्ट आली. भय्यासाहेबांना फक्त गप्प पडून राहायचं होतं. कुठल्याही वकिलाला याहून सोपी केस मिळायची नाही.

पण देवीच्या पायाशी पडून त्यांना ते जमेना. ते उठून बसले. कपाळभर हळदकुंकू, काखेत पुस्तक.

"ताई, मी दंडवत नव्हतो घालत. पुस्तक काढून राहिलो होतो. पोळपाटही मीच खाली घातला."

मीरावहिनी परात उलटी घालून पोळ्या लाटायला निघून गेल्या. ताई भावाजवळ खाली बसल्या.

"काहून सांगितलं रे? मला काय समजणार होतं?"

"देवीसमोर खोटं कसं बोलू, ताई?"

बेबीताई पदरानं डोळे पुसत, स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाल्या, "मीरा, राहू दे महालक्ष्म्या इथंच. याची वकिली काही चालत नाही."