दोमितिलाबाई आणि कललेली थप्पी

"आज या धक्क्यावर एकसुद्धा थप्पी पडणार नाही!"

बेकरीचा माल ट्रकमध्ये चढवायच्या धक्क्यावर उभं राहून दोमितिलाबाईंनी सकाळी सकाळी जाहीर करून टाकलं. कमरेवर हात, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि आवाज असा, की माल न्यायला आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर झोपेतून उठून बसला!

बाईंचंही बरोबर होतं. लिमातल्या बेकरीत डिसेंबर म्हणजे लढाईचा महिना. सगळ्या पेरू देशाला नाताळात पानेतोन हवा. आता हा मनुके घातलेला गोड पाव फुगलेला, वजनाला हलका. त्यामुळे जो येतो तो म्हणतो, "हलकं तर आहे, रचा अजून वर!" पण हलक्या खोक्यांची थप्पी उंच झाली की लग्नात प्यायलेल्या मामासारखी डुलायला लागते. मागच्या आठवड्यात अशीच एक डुलली. कासिमिरो तिला धरायला धावला आणि पायाचं बोट मोडून घेऊन बसला. तेव्हा मालक तेओबाल्दो यांनी बाईंना बजावलं होतं, "आता एक जरी थप्पी पडली, तर धक्का माझ्या मेव्हण्याच्या ताब्यात! तू परत मनुके निवडायला!"

मनुके निवडण्यात बाईंची अर्धी उमर गेली होती. पुन्हा त्यांचं तोंड बघायची बाईंची अजिबात तयारी नव्हती.

म्हणून नियम! हनुवटीच्या वर खोकं जाणार नाही. थप्पीला प्लॅस्टिक गुंडाळायचं ते खालच्या लाकडी पॅलेटसकट. आणि शेवटचा नियम बाई सगळ्यांकडून रोज वदवून घेत.

"थप्पी कलली तर काय करायचं, कासिमिरो?"

"धरायचं नाही, बाई. बाजूला व्हायचं."

"आणि कुणी मूर्ख धरून उभा असेल तर?"

"ओरडायचं. पण जवळ जायचं नाही."

"मी असले तरी?"

"तुम्ही असलात तरी!"

"शाब्बास!"

दुपारपर्यंत सगळं कसं सुरळीत चाललं. मग नव्या फोर्कलिफ्टच्या बाप्तिस्म्याची वेळ झाली. नवी गाडी घेतली की तिला धर्मपिता हवाच. त्याने फितीला टांगलेली दारूची बाटली हातोडीने फोडायची, मगच गाडी कामाला लागते. मालकांनी हा मान वानकायोच्या ओनोरातोंना दिला होता. तिकडच्या अर्ध्या डोंगरी मुलखाला पानेतोन पुरवणारा व्यापारी! माणूसही डोंगराएवढाच.

बाई बघतात तर गाडीच्या पुढ्यात थप्पी ठेवलेली. बाईंनीच गुंडाळलेली, पण तिच्यावर खोक्यांचे चार थर नवे चढलेले!

"मालक, हे काय?"

"फोटोपुरतं गं! ओनोरातोंना वाटलं पाहिजे, आपण किती माल काढतो ते."

"हनुवटीच्या वर आहे."

"माझ्या हनुवटीच्या वर आहे. ओनोरातोंच्या नाही!"

"खाली घेतल्याशिवाय बाटलीला हात लागणार नाही, मालक!"

"हात लागलासुद्धा," कासिमिरो कुजबुजला.

ओनोरातोंनी हातोडी उगारली होती! पहिला घाव घातला, बाटली झुलून बाजूला गेली. लोक हसले. दुसरा घाव घातला, पुन्हा तेच. ओनोरातोंचे कान लाल झाले. तिसऱ्या वेळी ते अंगातली सगळी ताकद एकवटून धावले, बाटली चुकली आणि ते खांद्यासकट थप्पीवर आदळले.

थप्पी कलली.

"धरू नका! बाजूला व्हा!" बाई किंचाळल्या.

सगळे बाजूला झाले. ओनोरातो झाले, मालक तर सगळ्यांत आधी झाले. थप्पीला दोन्ही हात लावून, गाल खोक्याला चिकटवून एकच माणूस उभा राहिला. खुद्द दोमितिलाबाई!

"बघता काय मेल्यांनो? या की!"

कुणी हललं नाही.

"बाई, तुम्हीच सांगितलंय," कासिमिरो लांबूनच म्हणाला. "जवळ जायचं नाही."

"अरे, मी आहे मी!"

"तुम्ही असलात तरी, बाई!"

इतकी आज्ञाधारक माणसं बाईंना आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होती.

"सोडू नकोस, दोमितिला!" मालक खांबाआडून ओरडले.

"सोडा, बाई, सोडा!" बाकीचे ओरडले.

वरचा थर चेहऱ्यावर घसरायला लागला. सोडलं तर धक्का गेला. बाईंनी दात आवळले. हात खांद्यापासून भरून आले, तरी त्या मागे हटेनात. मग तिरक्या नजरेला कासिमिरोचा पट्टी बांधलेला पाय दिसला. या मुलाला आपण रोज काय शिकवतो आणि आता काय दाखवतोय? बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

"गेले मी मनुके निवडायला!" असं म्हणत त्यांनी बाजूला उडी मारली आणि त्या धपकन जमिनीवर बसल्या.

धडाड! सगळा धक्का पानेतोननी भरून गेला. एक गडगडत थेट ओनोरातोंच्या पायाशी जाऊन थांबला. कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

सगळ्यांनी मालकांकडे बघितलं. मालकांनी ओनोरातोंकडे बघितलं. ओनोरातोंच्या हातात हातोडी होती आणि खिशात वानकायोची सगळी ऑर्डर.

"थप्पी पडली म्हणायची का, मालक?" बाईंनी बसल्या जागेवरून विचारलं.

"पडली?" मालक दचकून म्हणाले. "छे छे! ओनोरातोंनी ती... खाली उतरवली!"

"मग यापुढे मी सांगेन तेवढीच उंच चढवायची. फोटोपुरतीसुद्धा जास्त नाही."

"नाही," मालक पुटपुटले.

बाईंनी तिथल्या तिथे ट्रक भरायला घेतला. शेवटची थप्पी आत गेली, तेव्हा बिअरची बाटली निघाली. एकच ग्लास सगळ्यांच्या हातून फिरत फिरत बाईंपर्यंत आला. बाईंनी तो घ्यायला हात उचलला. हात कोपराच्या वर जाईना! दुसरा उचलून बघितला, तोही तसाच.

कासिमिरो लंगडत आला आणि त्याने ग्लास बाईंच्या ओठांना लावला.

"थप्पीला हात लावायचा नाही, बाई," तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "ग्लासाला लावला तर चालतो."

बाईंना त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घालावासा वाटला. पण घालणार कशाने?