मी सांगेपर्यंत सरळ

“गाडीत बसलं की ड्रायव्हरशी बोलायचं नाही!”

हा स्टेशनकाकूंच्या यजमानांचा हुकूम. लग्न झालं तेव्हापासूनचा! काकूंना शेजारी बसवायचं, किल्लीला हात घालायचा आणि हे वाक्य म्हणायचं. त्याशिवाय जणू इंजिन सुरूच होत नसे. काकू ओठ मिटून बसत. एकदा डिकी उघडी राहून त्यांची बॅग वाटेत पडली, तेही त्यांनी मुक्कामाला पोचल्यावरच सांगितलं!

आणि याच काकूंच्या आवाजावर तिकडे अख्खं स्टेशन चालत होतं. नोकरीच तशी होती. माइकसमोर बसून गाड्यांच्या घोषणा करायच्या. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!” एवढं त्या म्हणाल्या, की पळणारा हमाल थांबे, भांडणारं जोडपं थांबे, रडणारं पोर तोंड तसंच उघडं ठेवून वर बघत राही. जन्मभर त्यांनी जगाला गाडीत बसवलं. स्वतः मात्र काचेच्या खोलीत बसून राहिल्या.

निवृत्तीनंतर काकूंनी एक व्रत घेतलं. उठल्यापासून सकाळी नऊपर्यंत मौन. “इतकी वर्षं मीच बोलत होते,” त्या म्हणायच्या, “आता थोडा वेळ देवालाही बोलू द्यावं.” व्रत कडक होतं. दारावर कुणी आलं तर मान हलवायची, उभी म्हणजे हो, आडवी म्हणजे नाही. आणि काकूंची मान उभी हलली म्हणजे शब्द दिला! मग आभाळ कोसळलं तरी त्यात फरक व्हायचा नाही.

यजमान गेले. त्यांची निळी गाडी कव्हर पांघरून अंगणात आजारी माणसासारखी पडून राहिली. आणि एका रात्री जेवताना काकूंनी घोषणा केली, “मी गाडी शिकणार आहे.”

मुलाच्या हातातला घास हातातच राहिला. “आई, या वयात?”

“मग कुठल्या वयात? मागचं वय काही परत मिळत नाही रे.”

“अगं, पण कशासाठी?”

“ताईला समुद्र दाखवायचाय. शब्द दिलाय मी.”

ताई म्हणजे काकूंची थोरली बहीण. नदीपलीकडे राहते. गुडघे असे धरलेले, की बसची पायरी म्हणजे तिला डोंगर! कित्येक वर्षांत ती फाटकाबाहेर पडली नव्हती. फोनवर एकदा सहज म्हणाली, “समुद्र अजून तिथेच असेल ना गं?” त्या प्रश्नाने काकूंची झोप उडाली.

मुलगा स्वभावाने भला, पण काळजीचं पोतं! त्याने तोडगा काढला. “रविवारी गाडीला गिऱ्हाईक येतंय. शनिवारपर्यंत शिकवणारे मास्तर ‘परीक्षेला बसा’ म्हणाले, तर गाडी तुझी. नाही म्हणाले, तर गिऱ्हाइकाची. कबूल?”

काकूंची मान उभी हलली.

मास्तरांकडे फक्त भल्या सकाळची वेळ मोकळी होती. म्हणजे मौनाचीच वेळ! पण मास्तर खूश झाले. “काकू, अशी विद्यार्थिनी शोधून सापडायची नाही! बाकीचे प्रश्न विचारून विचारून माझं डोकं पिकवतात.” काकू शिकल्याही झपाट्याने. खोडी दोनच. एक, इंडिकेटर द्यायला जायचं आणि वायपर सुरू करायचे. दुसरी, कुत्रं दिसलं, कबुतर दिसलं, अगदी वाऱ्याने कागद उडाला, तरी गाडी थांबवून त्याला आधी जाऊ द्यायचं!

शुक्रवारी एका बदकाच्या कुटुंबासाठी त्या इतका वेळ थांबल्या, की मास्तरांचा धीर सुटला. “काकू, उद्या शेवटचा दिवस! उद्या हे लाड बंद. लाल दिवा सोडला तर कुठेही थांबायचं नाही. मी सांगेपर्यंत सरळ जायचं. कबूल?”

मान उभी हलली. झालं! सगळ्या रामायणाचं मूळ ती मान!

शनिवार उजाडला. मास्तर आले तेच जांभया देत. घरी जुळी नातवंडं आलेली. एक झोपलं की दुसरं उठायचं, पाळी लावल्यासारखं! “सरळ,” एवढं म्हणून मास्तर शेजारी टेकले. काकूंनी मास्तरांची शिकवणीची गाडी काढली, ती लोण्यातून सुरी फिरावी तशी. धक्का नाही, हिसका नाही, शब्द तर नाहीच नाही. तळ्यापर्यंत पोचतात तोवर मास्तरांची हनुवटी छातीला टेकली होती, आणि गाडीत इंजिनाखेरीज आणखी एक आवाज येत होता.

आता उठवावं कसं? बोलायचं नाही. हॉर्न वाजवावा, तर झोपलेल्या माणसाच्या कानाशी भोंगा वाजवणं बरं दिसतं का? आणि थांबायचं म्हटलं, तर शब्द दिलेला! काकूंनी मनात म्हटलं, “देवा, मास्तरांना जाग आण. पण दचकवू नकोस हो.” आणि त्या सरळ गेल्या.

पहिल्या लाल दिव्याशी सायकलवरचा पाववाला शेजारी येऊन उभा राहिला. त्याने काचेतून आत पाहिलं. मास्तरांची मान लुळी, तोंड उघडं. “अहो काकू! मास्तरांना काय झालं?”

काकूंचे दोन्ही हात चाकावर. त्यांनी खुणेनेच सांगायचं ठरवलं. डोळे मिटले, मान एका बाजूला टाकली आणि शांतपणे एक लांब श्वास सोडला. म्हणजे, झोपलेत.

पाववाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. “गेले?”

दिवा हिरवा झाला. काकूही गेल्या.

पाववाल्याने सायकल उलटी फिरवली आणि जो सुटला, तो थेट काकूंच्या दारात! “दादा, तुमच्या आई मेलेल्या मास्तरांना घेऊन नदीकडे चालल्यात! तोंडातून अवाक्षर नाही! चेहरा असा शांत, की मलाच घाम फुटला!”

मुलगा पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून पळाला.

इकडे रस्ता सरळ नदीला भिडत होता, हे काकूंना ठाऊक होतं. पूल नव्हता, फेरीबोट होती. माणसं आणि गाड्या एकदमच पलीकडे नेणारी. काकूंना वाटलं, धक्क्यावर लाल दिवा असेल. दिवा नव्हता. होता तो बोटीवरचा माणूस, दोन्ही हातांनी “या, या, या!” करत. मागे कोबीचा टेम्पो भोंगा वाजवत होता. काकूंनी मास्तरांकडे पाहिलं. घोरणं अखंड चालू. समोर पाहिलं. बोट सरळच होती!

फळीवरून त्या बोटीवर चढल्या आणि दूधगाडी नि कठडा यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत गाडी अशी बसवली, की बोटवाल्याने टोपी काढली. “व्वा, आजी! मोठमोठे ड्रायव्हर इथे माझा कठडा सोलून जातात!”

बोट मध्यावर आली आणि तिचा भोंगा वाजला. मास्तरांनी डोळे उघडले.

समोर पाणी. डावीकडे पाणी. उजवीकडे पाणी. आणि गाडी चाललेली!

“ब्रेक!” मास्तर किंचाळले आणि त्यांनी आपल्या बाजूचा ब्रेक पार तळाशी दाबला. तरी पाणी मागे सरकतच होतं! त्यांनी हँडब्रेक ओढला. सरकतंच आहे! “ब्रेक फेल! काकू, उड्या मारा! मला पोहता येत नाही, तुम्ही मारा! नाही, मीच मारतो!” त्यांनी दार उघडलं. कठड्याची साखळी नेमकी तिथेच सैल होती, खाली हिरवंगार पाणी, आणि मास्तरांचा एक पाय बाहेर!

काकूंनी डोळे मिटून देवाची क्षमा मागितली. मग छाती भरून श्वास घेतला.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! बोट धक्क्याला लागेपर्यंत कोणीही खाली उतरू नये! ही विनंती नाही!”

मास्तरांचा पाय हवेत थबकला. दूधवाल्याच्या हातातली किटली थबकली. एक काठीवाले आजोबा उभे होते ते झटकन बसले. बोटवाल्याने तर घाबरून इंजिनच बंद केलं! नदीवर अशी शांतता पसरली, की कोबीच्या टेम्पोतून एक गड्डा घरंगळला, त्याचाही आवाज स्पष्ट आला.

“मास्तर, पाय आत घ्या,” काकू हळूच म्हणाल्या. “आपण थांबलेलोच आहोत. चालली होती ती बोट.”

मास्तरांनी पाय आत घेतला. दार लावलं.

“काकू, तुम्ही मला उठवलं का नाही?”

“मौन होतं.”

“मग थांबायचं तरी!”

“तुम्ही सांगेपर्यंत सरळ म्हणालात. मी मान हलवली होती.”

मास्तरांनी कपाळाला हात लावला. पलीकडे पोचल्यावर उतरून, वळून पुन्हा बोटीवर चढायचं होतं. पण मास्तर दोन्ही हातांनी सीट धरून बसलेले. गाडी काकूंनीच उतरवली, वळवली, चढवली. परतीच्या वाटेवर मास्तर पाणी दिसू नये म्हणून डोळे गच्च मिटून पडून राहिले.

आणि अलीकडच्या धक्क्यावर कोण उभं? मुलगा, पाववाला, अँब्युलन्स आणि पदरात तोंड खुपसलेली मास्तरांची बायको! काचेतून नवऱ्याचे मिटलेले डोळे दिसले मात्र, तिने असा हंबरडा फोडला, की धक्क्यावरचे बगळे उडाले. “अहो, मला सोडून कुठे गेलात?”

“बोटीत,” मास्तर डोळे उघडून म्हणाले.

पाववाला दोन पावलं मागे सरला. बायकोने आधी नवऱ्याला चाचपून पाहिलं आणि मग पाववाल्याकडे असं बघितलं, की तो अँब्युलन्सच्या आड गेला.

मुलाचा मात्र बांध फुटला. “आई! काय चाललंय हे? मास्तर, आता तुम्हीच सांगा हिला. नाही ना जमणार? स्पष्ट सांगा!”

काकू चाकावरचे हात न काढता खाली बघत होत्या. त्यांना फाटकाशी उभी असलेली ताई दिसत होती. उद्या गिऱ्हाईक येणार, निळी गाडी जाणार, आणि ताईला फोनवर काय सांगायचं?

मास्तर गाडीतून उतरले, शर्ट सारखा केला. “साहेब, केस पांढरे झाले माझे या शेजारच्या सीटवर. इथे बसून मी देवाचं नाव घेतलंय, घाम गाळलाय, एकदा तर मृत्युपत्रही मनात लिहून काढलंय. पण झोप? शिकाऊ माणसाशेजारी मला आजवर साधी डुलकी लागली नव्हती!” त्यांनी काकूंकडे पाहिलं. “ज्यांच्या गाडीत माझ्यासारखा भित्रा माणूस गाढ झोपतो, त्यांना मी आणखी काय शिकवू? काकू, परीक्षेला बसा.”

मुलगा गाडीजवळ आला. त्याची नजर आईच्या हातांवर गेली. ते चाकावर अगदी निवांत टेकले होते. मग त्याने आपल्या पायांतल्या दोन वेगवेगळ्या चपलांकडे पाहिलं.

“फक्त एक,” मास्तर खिडकीशी वाकले. “आता ‘मी सांगेपर्यंत’ म्हणणारं शेजारी कोणी नसणार. कुठे थांबायचं, कुठे वळायचं, ते तुमचं तुम्हीच ठरवायचं. जमेल?”

काकूंनी बराच विचार केला. यजमानांचा, स्टेशनमास्तरांचा, वेळापत्रकाचा. मग मान उभी हलली.

मोडलेल्या मौनाबद्दल त्यांनी दुसऱ्या दिवशी दिवसभर मौन पाळलं. गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी नुसती आडवी मान दाखवली.

परीक्षा पास झाल्यावरच्या पहिल्याच सोमवारी, भल्या सकाळी, निळी गाडी फेरीबोटीने नदी ओलांडून ताईच्या फाटकाशी उभी राहिली. ताई नवी साडी नेसून, उशी काखेत मारून तयारच होती. बोलायला तर ती पहाटेपासूनच लागली असावी.

“अगं, सावकाश हं! दार लागलं का? समुद्रावर वारा असेल ना? मी स्वेटर घेतलाय. तुझाही घेतलाय. शेजारीण म्हणते कशी, ‘बहीण चालवणार? मग इन्शुरन्स आहे ना?’ म्हटलं, बाई, माझी बहीण आहे ती! रस्ता माहीत आहे ना गं?”

काकूंच्या अगदी ओठांवर आलं होतं, “गाडीत बसलं की...” पण नऊ वाजायचे होते. आणि खरं सांगायचं तर, नऊ वाजून गेले असते तरी त्या ते म्हणाल्या नसत्या. त्यांनी हसून नुसती मान हलवली. उभी.

गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. सरळ गेलं तर बाजार, डावीकडे समुद्र. कोणी काही सांगितलं नाही. काकूंनी हळूच गाडी डावीकडे वळवली. इंडिकेटरही अगदी वेळेवर दिला.

लख्ख उन्हात दोन्ही वायपर जोरजोराने हलू लागले.