पेन्सिलीनं लिहिलेली उंची

निमजे सरांना वेळ विचारू नये. घाईत असाल तर मुळीच नाही. "अकरा वाजून दहा," ते सांगतात, मनगटाकडे पुन्हा बघतात, "दोन मिनिटं इकडं-तिकडं. काल जुळवलं नव्हतं." तोवर तुमची बस गेलेली असते.

सरांनी जन्मभर कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली. आता निवृत्त आहेत आणि काकू गेल्यापासून आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून, एकटे राहतात. न मोजलेला आकडा तोंडातून काढायचा नाही, हा त्यांचा धर्म. सावनेर किती लांब? "चाळीसच्या आत-बाहेर. मी मोजत गेलो नाही." किराणा दुकानात काट्यावर तूरडाळ पाचशे तीन ग्रॅम भरली, की दुकानदाराला म्हणतात, "पंखा बंद कर गा, शेवटचा आकडा नाचून राहिला."

माझ्या लग्नपत्रिकेत मुहूर्त होता अकरा वाजून त्रेचाळीस मिनिटांचा. सरांनी भटजींना विचारलं, कोणत्या घड्याळानं? भटजींनी पंचांग मिटलं. वरात पावणेदोनला आली. स्टेजवर भेटायला आले तेव्हा सर हळूच म्हणाले, "दोन तासांची चूक आहे. पण रिझल्ट चांगला दिसून राहिला."

मी उमरेडच्या विणकराची पोरगी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पहिल्या प्रात्यक्षिकात मी पितळेच्या गोळीची घनता काढली आणि कॅल्क्युलेटरवर दिसले ते आठही आकडे वहीत उतरवले. जितके आकडे जास्त तितकी हुशारी, असं मला वाटायचं. सरांनी तीन ठेवले, पाच लाल पेनानं खोडले.

"एवढे काहून लिहिले वं? हे तुझे नाहीत, मशीनचे आहेत. तू मोजलं तेवढंच तुझं."

मी रडकुंडीला आले. मग त्यांनी त्यांचा नियम सांगितला. अंदाज पेन्सिलीनं, मोजलेलं पेनानं. आज मी औषधांच्या कारखान्यात तपासणीचं काम करते, आणि खरं सांगते, पदवीइतकाच तो नियम कामी आला.

सरांच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा आहेत, हे मला गेल्या वर्षी दिसलं. मुलाच्या लहानपणीच्या खुणा पेनाच्या. बाजूला नातीच्या, ओवीच्या, तीन. तिन्ही पेन्सिलीच्या. मुलगा परदेशात, ओवीचा जन्म तिथलाच. सरांनी तिला पाहिलं ते फक्त फोनवर. मुलाला सांगून ते तिला फ्रिजला टेकून उभं करत, फ्रिजची उंची त्याच्याकडून मोजून घेत, आणि फोनच्या पडद्याला पट्टी लावून त्रैराशिक मांडत. प्रत्येक खुणेपुढं बारीक अक्षरात लिहिलेलं, अधिक-उणे पाच सेंटिमीटर.

मागच्या दिवाळीत ती सगळी येणार होती. तिकिटं रद्द झाली. सर बसल्या बसल्या पेन्सिलीला टोक करत राहिले, निम्मी संपेपर्यंत.

यंदा मात्र ती निघाली. सरांनी बर्डीच्या बाजारातून नवा स्टीलचा टेप आणला आणि घरातल्या जुन्या पट्टीशी ताडून पाहिला. किती दिवस उरले, असं मी विचारलं. आता आठ-दहा म्हणतील, असं धरून चालले होते.

"नऊ," सर म्हणाले. इकडं-तिकडं काही नाही.

ओवी आली त्या सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. ती अनवाणी चौकटीला पाठ लावून उभी होती. सरांनी तिच्या डोक्यावर पुस्तक आडवं धरलं, टेप लावला, वाकले. चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग टेप माझ्या हातात दिला.

"रीडिंग तू घे वं. माझं आज भरवशाचं नाही."

एकशे तीन. गेल्याच आठवड्यात फोनवरून घेतलेल्या पेन्सिलीच्या शेवटच्या खुणेहून चार सेंटिमीटर वर.

"चार," सर म्हणाले. "म्हणजे पाचाच्या आतच."

त्यापुढचा मिलिमीटर काही सापडेना. पोरगी खिदळत होती, टाचा उचलत होती.

"हलून राहिली, सर. दशांश देऊ नका."

"नाहीच देत," म्हणत सरांनी खिशातून पेन काढलं.